न विचारता प्यालेला पेला

सूरज समोर येऊन उभा राहिला तेव्हा माझ्या आईनं त्याला ओळखलंच नाही. तिनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि त्याच्या मागच्या माणसाला विचारलं, "भाऊ, आमचा सूरज कुठी काम करते इथी?"

"माय, मीच होय ना वं!"

आईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. डोक्यावर पीस खोचलेली हिरवी टोपी, चौकड्यांचा शर्ट आणि गुडघ्याच्या वरच संपणारी तपकिरी चड्डी, तीही दोन पट्ट्यांनी खांद्याला टांगलेली. चांगला दाढीमिशा असलेला, लग्नाला आलेला पोरगा.

"अरे बाप्पा," आई म्हणाली, "तुही पँट कुठी गेली?"

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. बाबा हसले नाहीत. ते सूरजच्या पोटऱ्यांकडे बघत होते आणि आपण बघतोय याचीच त्यांना लाज वाटत होती. त्या दुपारचा हा पहिला धक्का. पुढं जे झालं त्याच्या मानानं तो काहीच नव्हता, पण आम्हाला तेव्हा तेवढाही पुष्कळ वाटला.

सूरज हा माझा धाकटा भाऊ. चंद्रपूरच्या अलीकडे मूल रोडवर एक ब्रूअरी निघाली आहे, तिच्या स्वयंपाकघरात तो काम करतो. ब्रूअरी म्हणजे जिथं बिअर तिथल्या तिथं बनवतात आणि तिथंच बसवून पाजतात. जिल्ह्यातली दारूबंदी उठली त्यानंतर ती सुरू झाली. मालक बरीच वर्षं जर्मनीत राहून आलेला. म्हणून दर ऑक्टोबरात तो तिकडच्यासारखा महोत्सव भरवतो. तिकडचं खाणं, तिकडची गाणी आणि फक्त याच मोसमात निघणारी बिअर. लोकांसाठी महोत्सव उघडायच्या आधी एक दुपार कामगारांच्या घरच्यांना आणि जिथून माल येतो त्या लोकांना जेवायला बोलावतात. ते कपडेही त्यातलेच.

"जर्मनीत सणाले असेच घालतेत," सूरज म्हणाला.

"सणाले तं माणूस अंगभर घालते रे," आई म्हणाली.

आमचं गाव ब्रह्मपुरीजवळ, वैनगंगेच्या काठाला. घर मासेमारीचं. माझे बाबा इस्तारी नदीत आणि गावच्या तलावात जाळं टाकतात, आणि आई, कुंता तिचं नाव, ते मासे ब्रह्मपुरीच्या बाजारात नेऊन विकते. तोंडानं फटकळ, पण वजनात कधी खोट नाही. तिचा फटकळपणा सगळाच्या सगळा माझ्यात उतरला आहे असं लोक म्हणतात. मी रीता, सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात कामाला आहे. आईबाबांची एसटी सिंदेवाहीवरूनच पुढं जाते, तिथं मी चढले. बाबांनी दुपट्टा टाकून माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती.

ब्रूअरीच्या अंगणात झाडांखाली लांबच लांब लाकडी टेबलं मांडलेली. एका बाजूला काचेची भिंत, तिच्याआड तांब्याच्या रंगाच्या दोन उंच टाक्या. सूरजनं आम्हाला तिथं नेऊन एकेक गोष्ट दाखवली. या मोसमातली बिअर मार्चात घालून ठेवतात, सगळा उन्हाळा आणि पावसाळा ती थंड टाकीत पडून असते, आणि शरद लागला की काढतात.

"मोहाची तं आठ दिवसांत होते," बाबा म्हणाले.

"म्हणूनच तं मोहाची पिल्यावर डोकं दुखते."

"तुले कसं माहीत?" आईनं विचारलं. सूरजला एकदम स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवलं आणि तो पळाला.

मी एक लहान ग्लास घेतला. आईसमोर बिअर प्यायची माझी ही पहिलीच वेळ, म्हणून आधी तिलाच चाखायला दिली. तिनं जीभ लावली, थोडा विचार केला. "करपल्या भाकरीच्या पाण्यासारखं लागते," म्हणाली, आणि ग्लास काही परत दिला नाही. मला दुसरा आणावा लागला. रंग काकवीचा, चव भाजलेल्या धान्याची, आणि घोट उतरल्यावर मागाहून येणारा हलका कडूपणा. दिवसभर धान्यात वावरणारी बाई मी. मोड आणून भाजलेल्या जवाचा वास मला लगेच कळला, आणि खरं सांगते, मला ती बिअर फार आवडली. वर ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं आणि घशात ते गार पाणी उतरत होतं. अजून काय पाहिजे माणसाला?

मग खाणं यायला लागलं. गाठ मारलेला पाव, वर जाडं मीठ. कोंबडीच्या खिम्याचे लांब भाजलेले सॉसेज. ते कोंबडीचेच आहेत याची आईनं पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. उकडलेल्या बटाट्याची गार भाजी. आंबवलेली पत्ताकोबी, जी मला नाकाशीसुद्धा नेववेना आणि आईनं वाटी चाटूनपुसून संपवली. शेवटी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मासा आला. आईनं तो बोटांनी उलगडून पाहिला.

"काटे कुठी गेले?"

"काढून टाकले," सूरज म्हणाला. "इथी काट्याची मच्छी नाई खात लोकं."

"मंग मच्छी कायले खातेत? पनीर खावं."

आई खुशीत होती. बाजारात दिवसभर बसून बसून तिची कंबर धरते, तिनं त्या दिवशी कमरेचं नावही काढलं नाही. बाबा पावाचे तुकडे मोडून मोडून खात होते आणि चहूकडे बघत होते. त्यांनी अजून बिअर घेतली नव्हती. "बसू दे जरा," म्हणत होते.

आम्ही असे रंगात आलो असताना वारलूभाऊ आले. वारलूभाऊ नदीपलीकडचे, गडचिरोली जिल्ह्यातले. त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आणि या ब्रूअरीला मासे पुरवणारेही तेच. बाबांची त्यांची ओळख तरुणपणापासूनची, पुरात एकमेकांचे डोंगे ओढून काढलेले. सोबत त्यांच्या पत्नी आशाबाई होत्या. आणि गुणवंतराव. गुणवंतराव म्हणजे आमच्या समाजातले सगळ्यांत वडीलधारे. दोन्ही काठांवरची कुठलीही सोयरीक त्यांच्यावाचून ठरत नाही. हे म्हातारबाबा बिअरच्या ठिकाणी कसे, असं क्षणभर मनात आलं खरं. पण फुकटची बिअर कुणाला नको, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला.

बाबांना तर आनंदच झाला. त्यांना तलावात सोडायला मत्स्यबीज पाहिजे होतं, "आज वारलूसंग बियाण्याचं बोलून घेतो" असं ते एसटीतच म्हणाले होते.

"आमच्याकडे तं तीस वरसाच्या वर झाले बंदीले," वारलूभाऊ बसता बसता म्हणाले. "माणूस दिवसाउजेडी बसून पिऊन राह्यला, हेच पाहाले आलो म्हणा ना."

"अन् रात्रीचं?" आईनं विचारलं.

"रात्रीचं कोणाले दिसते बाई?" ते म्हणाले, आणि सगळे हसले. आशाबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. माझे हात, माझी वेणी, मी कसं खाते. मला वाटलं, बिअर पिणारी पोरगी पाहून बाईला नवल वाटतंय. मी मुद्दाम आणखी एक मोठा घोट घेतला.

टेबलावर एका पांढऱ्या वाटीत पिवळंधमक, घट्ट असं काहीतरी ठेवलेलं होतं. ते काय आहे हे सांगायला सूरज विसरला होता. बाबांची नजर त्यावर गेली आणि त्यांचा चेहरा खुलला. इतक्या परक्या खाण्यात एक तरी ओळखीचं निघालं! "पिठलं हाये," ते मला हळूच म्हणाले. चांगलं चमचाभर घेतलं आणि पावाच्या तुकड्यासोबत तोंडात टाकलं.

ती मोहरी होती. वाटून, व्हिनेगरात मुरवलेली, सॉसेजला नखाएवढी लावायची.

बाबांचे डोळे आधी मोठे झाले, मग लाल, मग वाहायला लागले. त्यांना शब्द फुटेना. एक हात नाकावर आणि दुसरा टेबलावर काहीतरी शोधतोय. आणि नेमक्या त्याच वेळी वारलूभाऊंनी बिअरचा एक भलामोठा कानवाला ग्लास आपल्या हातानं काठोकाठ भरून बाबांपुढं ठेवला होता, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ते गप्प बसले होते. बाबांनी तो ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.

गुणवंतरावांच्या हातातला पाव हातातच राहिला. आईनं तोंडावर पदर दाबला. मला कळायला जरा वेळ लागला.

आमच्याकडे मुलगी मागायची एक रीत आहे. मुलाचा बाप चारचौघांत आपल्या हातानं पेला भरतो, मुलीच्या बापापुढं ठेवतो आणि गप्प बसतो. मुलीच्या बापानं विचारायचं, "कायचा पेला, भाऊ?" मग बोलणं निघतं. मुलगा काय करतो, घर कसं आहे, लग्न कधी. मुलीच्या बापाला विचार करायला आठ दिवस मागता येतात. पेल्याला तोंड न लावता तो परत सरकवताही येतो, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. पण बापानं काहीही न विचारता पेला पिऊन टाकला, तर त्याचा अर्थ एकच: मला काही विचारायचं नाही, तुझं घर मला ठाऊक आहे, मुलगी दिली. असं फार क्वचित होतं. ज्यांच्यात झालं त्या घरांची नावं म्हातारी माणसं अजून घेतात.

बंदीच्या वर्षांत हा दारूचा पेला आमच्या काठाला चहाचा झाला आणि पलीकडच्या काठाला शरबताचा. बाबांच्या डोक्यात पेला म्हणजे स्टीलचा, चहाचा, कुणाच्या तरी ओसरीवरचा. हा काचेचा रांजण म्हणजे पेला, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. आणि आलं असतं तरी तोंडात आग लागलेला माणूस विचारणार काय?

वारलूभाऊ उठले. त्यांचेही डोळे भरले होते, आणि त्यांनी काही मोहरी खाल्ली नव्हती.

"इस्तारीभाऊ," ते म्हणाले. मग त्यांनी एकदम बाबांना मिठीच मारली. "मले वाटलं तू विचारशील. आठ दिवस मागशील. प्रणितचं काय काय सांगाचं, मी सारं ठरवून आलो होतो. तू कायीच नाई विचारलं! कायीच नाई!"

बाबा त्या मिठीत खोकत होते. त्यांना अजूनही काही कळलं नव्हतं.

प्रणित म्हणजे वारलूभाऊंचा मुलगा. गडचिरोलीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो. मी त्याला एकदाच, कुणाच्या तरी लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं. वाईट दिसला नव्हता, चांगलाही दिसला नव्हता. मठ्ठा वाढत होता, एवढंच आठवतं.

मी तोंड उघडायच्या आत आशाबाई माझ्या शेजारी आल्या होत्या. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि ओढणीच्या पदरात नारळ घातला. नारळ! बिअर प्यायला येताना बाई नारळ घेऊन आली होती.

"असू द्यावा म्हणून आणला होता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच मायेचा होता, आणि म्हणूनच मला आणखी धडकी भरली. "आता नोकरीचं टेन्शन घेऊ नोको बेटा. आमच्या घरी सून बाहेर कामाले जात नाई. दिवाळीच्या आधीच राजीनामा देऊन टाक."

दिवाळीच्या आधी. दिवाळीनंतर माझं धान कापणीला येणार होतं. केंद्रात या वर्षी पहिल्यांदा मला माझा स्वतःचा वाफा मिळाला आहे. दोन जातींचा संकर मी माझ्या हातानं केला. सकाळी फुलं उमलायच्या आत चिखलात ओणवं उभं राहून, चिमट्यानं एकेक फूल उघडून. त्याच्या लोंब्या आता भरत आल्या आहेत. तो वाफा दुसऱ्या कुणी कापायचा, आणि मी पलीकडच्या काठाला डोक्यावर पदर घेऊन मठ्ठा वाढायचा? माझं डोकं सणकलं.

"थांबा," मी म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले. "मी नाई करत लगन. मले कोणी विचारलं नाई."

"बेटा, तुह्या बापानं पेला..." गुणवंतरावांनी सुरुवात केली.

"बाबांनी मोहरी खाल्ली! पिठलं समजून! तोंडाची आग झाली म्हणून पिले. पेला समजून नाई पिले."

आता कुठं बाबांना कळलं. त्यांनी समोरच्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, वारलूभाऊंकडे पाहिलं, आणि त्यांचा लाल झालेला चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडत गेला.

गुणवंतरावांनी टेबलावरची पाण्याची बाटली बोटानं दाखवली. "तोंडाची आग झाली तं पाणी होतं ना बाजूले. हात पेल्यावरच काऊन गेला?"

मी नारळ टेबलावर ठेवला, जरा जोरातच. "प्रणितले तरी विचारलं का तुम्ही?"

"त्याले काय विचाराचं?" आशाबाई म्हणाल्या. "तो नाई थोडीच म्हणते."

वारलूभाऊ बाबांकडे बघत उभे होते. बाबांनी एक शब्द जरी काढला असता, "हव भाऊ, दिली" एवढा, तरी त्यांना जग मिळालं असतं. त्यांना फसवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्याचाही मला रागच येत होता. लबाड माणसाला शिव्या तरी देता येतात.

"परत कराची रीत हाये," गुणवंतराव शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "पण माया पाहण्यात कोणी केली नाई. ज्यानं पेला पिला त्यानं त्याच लोकायपुढं उभं राहून चूळ भराची, अन् म्हणाचं, माया तोंडात शब्द नाई. झालं. सोयरीक तुटली. कोणी कोणाले कायी बोलाचं नाई." ते थोडे थांबले. "पण मंग त्या माणसाले कोण्याच सोयरिकीत बसवत नाई. तोंडात शब्दच नाई तं बसवाचं कायले?"

हे ऐकून आईनं माझा दंड धरला. घट्ट. कारण तिला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं की बाबांजवळ दुसरं काही नाही. चौथी शिकलेला माणूस, जन्म पाण्यात उभं राहून गेलेला, ग्रामपंचायतीत कधी निवडून आले नाहीत की सोसायटीत खुर्ची मिळाली नाही. पण दोन्ही काठांवर कुठं मुलीचं ठरत असलं की गुणवंतरावांच्या जोडीला बोलावणं येतं ते इस्तारीला. इस्तारी बसला म्हणजे कुणी कुणाला फसवणार नाही, असं लोक म्हणतात. त्या दिवशी ते सकाळपासून अंघोळ करून तयार असतात आणि परत आल्यावर कोण काय बोललं हे आईला सांगत बसतात. तेवढाच त्यांचा मान.

"पोरगा वाईट नाई वं," आई माझ्या कानाशी म्हणाली. ती रडत होती. "एकदा भेटून तं पाह्य. तुह्या बापाले असं चार लोकांत खाली नोको पाहाले लावू."

झालं! म्हणजे आता हे माझ्यावर. मला इतका राग आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. "मंग द्या मले नदीपलीकडे फेकून," मी ओरडले. "शब्द राह्यला पाह्यजे ना तुमचा? पोरगी गेली तं गेली!"

हे मी बाबांकडे बघून बोलले. ते मान खाली घालून बसले होते. वर बघतसुद्धा नव्हते. मी मनात म्हटलं, संपलं. यांचं ठरलं. आणि मी तिथल्या तिथं माझंही ठरवायला लागले. आज इथूनच सिंदेवाहीला जायचं. फोन बंद. दिवाळीला घरी यायचं नाही. कोण काय म्हणेल, त्याला मी काय उत्तर देईन, सगळं भराभर मनात जुळत होतं. मला भांडता येतं. मी तयार होते.

आरडाओरडा ऐकून सूरज धावत आला होता. हातात सॉसेजचा चिमटा, डोक्यावर ती पिसाची टोपी. "काय झालं?" तो विचारत होता, आणि त्याला कुणी सांगत नव्हतं.

"सूरज," बाबा म्हणाले, "तो बाजा बंद करवाले सांग."

स्पीकरवर जर्मन गाणं लागलं होतं, ढुमढुम वाजत होतं. सूरज गेला आणि गाणं थांबलं. सगळं अंगण एकदम शांत झालं. आता आमच्याच नव्हे, सगळ्या टेबलांवरचे लोक आमच्याकडे पाहत होते.

बाबा उठले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी बाकावर ठेवला आणि पाण्याची बाटली घेतली. आईनं त्यांचं मनगट धरलं. "नोका करू जी. मी समजावतो तिले. नोका करू." त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही. जाळ्यात अडकलेलं काहीतरी सोडवावं तसा, हळू.

मला वाटलं ते पाणी पिणार. त्यांनी तोंडात पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि कडेच्या झेंडूच्या वाफ्यात वाकून टाकली. मग पुन्हा एकदा. मग तोंड पुसलंही नाही, तसेच वारलूभाऊंकडे वळून त्यांनी हात जोडले.

"वारलूभाऊ, माया तोंडात शब्द नाई. पेला परत घे."

बाबांचा आवाज कापला नाही. शेवटच्या टेबलापर्यंत गेला असेल. मी बसल्या जागी थिजले. ज्याच्याशी लढायचं म्हणून मी उभी ठाकले होते तो माणूस समोरून नाहीसाच झाला होता.

वारलूभाऊंनी तो रिकामा ग्लास उचलून आपल्या बाजूला ठेवला. बाबांना ते एका शब्दानंही उणंअधिक बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. आशाबाईंनी टेबलावरचा नारळ उचलून पिशवीत टाकला. माझ्या कपाळाचं कुंकू पुसावं की नाही हे त्यांना कळेना. हात थोडा उचलला, आणि तशाच निघून गेल्या.

गुणवंतराव सगळ्यांत शेवटी उठले. काठी घेतली, टोपी नीट केली.

"इस्तारी," ते म्हणाले, "परवा आरमोरीले जाचं होतं आपल्याले. बुधरीच्या पोरीचं."

"हव."

"मी एकटाच जाईन मंग."

"हव भाऊ," बाबा म्हणाले, आणि वाकून त्यांच्या पाया पडले. म्हाताऱ्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि फाटकाकडे चालू लागला.

मी जाऊन बाबांच्या शेजारी बसले. मला त्यांची माफी मागायची होती, त्यांचे पाय धरायचे होते. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बाबा, काऊन केलं असं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतेय हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तू नाई म्हटलं ना," ते म्हणाले.

एवढंच. मी 'नाही' म्हटलं होतं ते रागाच्या भरात, कुणी ऐकणार नाही हे धरूनच. पुढचं वर्षभर तेच ओरडत राहावं लागेल असं मी समजले होते. सव्वीस वर्षं या माणसाच्या घरात वाढले आणि माझा एक शब्द त्याच्यासाठी त्याच्या स्वतःच्या शब्दाहून मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. मी रडायला लागले. मोठमोठ्यानं, सगळ्या अंगणासमोर, नाक वाहेपर्यंत. सूरज टोपी काढून नुसता उभा होता.

"उगी, उगी," बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. मग आईकडे वळून हळू आवाजात, जणू साधंच काही सांगतायत अशा सुरात ते म्हणाले, "परवा मी नदीवरच जातो. डबा देशील."